भिंतीपलीकडची फुलं

काकूंनी उभी हयात दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की एखाद्या दिवशी संध्याकाळ होते तरी आपल्या तोंडून शब्द निघालेला नसतो. आई होती तोवर ठीक होतं. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे साधं ‘चहा घेतेस का’ हेसुद्धा ओरडून विचारावं लागायचं. आई गेली आणि घर चिडीचूप झालं.

मागच्या अंगणात भिंतीलगत त्यांनी क्लेमॅटिसची वेल लावली. “हिचे पाय सावलीत आणि डोकं उन्हात हवं,” नर्सरीवाल्याने बजावलं होतं. पायांची सोय काकूंनी चोख केली. मुळांभोवती फुटक्या कुंड्यांचे तुकडे रचले, वर पालापाचोळा पसरला. पण ऊन होतं भिंतीच्या पलीकडे. वेल सरसर वर चढली आणि पलीकडे उतरली. बशीएवढाली जांभळी फुलं आली ती सगळी शेजाऱ्यांकडे. काकूंच्या वाट्याला नुसत्या काड्या.

शेजारीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती, नवरा आणि दोन मुली फुलांखाली खुर्च्या टाकून बसायचे. “काय फुललीय बघ!” हे काकूंना भांडी घासताना ऐकू यायचं. वेल लावली कोणी, हा प्रश्न तिकडे कोणाला पडल्याचं कधी कानावर आलं नाही.

त्या वर्षी थंडी सरली, वेल कळ्यांनी लगडली. एका रविवारी पलीकडे पाहुणे आले होते. हसण्याखिदळण्याला नुसता ऊत आला होता. “फुलली की पुन्हा या हं सगळे,” शेजारीण म्हणाली. काकूंच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. पाहुणे गेल्यावर त्या कात्री घेऊन बुंध्याशी वाकल्या आणि त्यांनी एकेक काडी कापून टाकली. या जातीचा पहिला बहर जुन्या काडीवर येतो, छाटायची ती थंडीत, तीही हलक्या हाताने, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच कापली.

थोड्याच दिवसांत दाराची बेल वाजली.

“काकू, मी शेजारची. तुमच्या वेलीला काहीतरी झालंय हो. सगळ्या कळ्यांनी माना टाकल्यात.”

म्हणजे वेल आपली आहे हे हिला माहीत होतं! काकूंना आधी घसा खाकरावा लागला. “मर रोग लागला असेल. लागतो या जातीला.”

“मग गेलीच का ती?”

“मुळातून फुटली तर फुटेल.”

“बघू मी?”

“आत्ता नको. पसारा आहे.”

ती गेल्यावर काकूंनी कापलेले बुंधे पाल्याखाली झाकले.

दुसऱ्या दिवशी शेजारीण खताची पिशवी घेऊन हजर. मग दुकानातून परतताना ती वरचेवर डोकावू लागली. चहा होऊ लागला. चष्मा कपाळावर ठेवून ‘माझा चष्मा हरवला’ म्हणत येणारी गिऱ्हाइकं तिने रंगवून सांगितली. काकूंनी गळ्यातल्या कागदी रुमालासकट दवाखान्याच्या खुर्चीवरून पळालेल्या पहिलवानाची गोष्ट सांगितली. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता त्या दुपारपासूनच कप विसळून ठेवत.

एके दिवशी पाल्यातून लाल-हिरवा कोंब वर आला. “फुटली की!” म्हणत शेजारीण गुडघ्यांवर बसली आणि हाताने पाला सारू लागली. मग तिचा हात थांबला.

“काकू, हे कापलंय कोणीतरी.”

कोणावरही ढकलता आलं असतं. काकू म्हणाल्या, “मीच कापली.”

“का?”

“फुलायची ती तुमच्याकडे. मला नुसतं ऐकू यायचं.”

शेजारणीने उठून गुडघे झटकले. “चहा राहू द्या आज.”

त्यानंतर बेल वाजली नाही. काकूंनी कोंबांना सुतळीचा आधार दिला, रोज पाणी घातलं. वेल पुन्हा भिंत चढली आणि पलीकडे गेली. काकूंनी तिला अडवलं नाही.

उन्हाळा संपत आला तेव्हा भिंतीपलीकडून हाक आली. “काकू! फुलं आलीत. थोडीच आहेत.”

“मोठी आहेत का?”

“तळहाताएवढी.” जरा थांबून, “या कधीतरी बघायला.”

कधीतरी म्हणजे कधी, हे काकूंनी विचारलं नाही. रविवारी चांगले कपडे घालून त्या गल्लीला वळसा घालून गेल्या. धाकट्या मुलीने दार उघडलं आणि आत वळून ओरडली, “आई, कोणीतरी आलंय!”

त्यांना खुर्ची मिळाली. डोक्यावर सात-आठ जांभळी फुलं होती. काकूंनी ती मान वर करून नीट पाहून घेतली. शेजारणीने अगत्याने चहा दिला, पण गप्पा चालल्या त्या काकूंना ठाऊक नसलेल्या माणसांच्या. कप रिकामा झाल्यावर त्या उठल्या.

शेजारीण दारापर्यंत आली. “छाटायची थंडीत ना?”

“हो. हलकीच.”

“आधी सांगा मला,” ती म्हणाली. हसली मात्र नाही.

“सांगेन,” काकू म्हणाल्या, आणि पुन्हा गल्लीला वळसा घालून घरी आल्या.