धाकटीस उत्तर

अख्खं शहर तिला ताई म्हणायचं. दर शुक्रवारी पेपरात ‘ताईंचा सल्ला’ यायचा आणि लोक पहिलं पान सोडून आधी तेच वाचायचे. जिची ती सख्खी ताई, तिचा मात्र बारा वर्षं अबोला. आहे की नाही गंमत!

सदराचा एक नियम होता. कोणाच्या घरचं भांडण चव्हाट्यावर नको, म्हणून पत्र छापायचंच नाही. छापायचं फक्त उत्तर, तेही टोपणनावाला. ‘गोंधळलेलीस: सरळ नाही म्हणून सांगा.’ ‘दुखावलेल्यास: आईला मध्ये आणू नका.’ प्रश्न काय होता, ते लिहिणाऱ्याला ठाऊक आणि ताईला. बाकीच्यांनी खुशाल तर्क लढवावेत.

एका सोमवारी पत्र आलं. ‘माझ्या थोरल्या बहिणीने एकदा मला दारातून परत पाठवलं होतं. त्याला फार वर्षं झाली. आता भेटावंसं वाटतं. जाऊ का? — धाकटी.’

ताईने पत्र पुन्हा एकदा वाचलं. तिची धाकटीही अशीच सासरहून ट्रंक घेऊन दारात उभी राहिली होती. “ताई, मला परत पाठवू नकोस गं,” म्हणाली होती. आणि ताईने, शहाणीने, काय सांगावं? “अगं, भांड्याला भांडं लागायचंच. जा, होईल सगळं ठीक.” ट्रंक उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. कसलं ठीक नि कसलं काय! वर्षभराने धाकटी आपली आपण तिथून निघाली, नदीपलीकडे खोली घेऊन राहिली, दवाखान्यात नर्स झाली. पुलावरून चालत गेलं तर अर्धा तास. पण ना ती आली, ना ताई गेली.

पत्रातलं अक्षर धाकटीचं नव्हतं. पण अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लोक शेजारणीकडून लिहून घेतात, हे ताईला चांगलं माहीत होतं. तिने त्याच बैठकीत उत्तर लिहिलं. ‘धाकटीस: जा. येत्या रविवारी चार वाजता जा. थोरली घरीच असेल.’

छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे काका गेली नऊ वर्षं तिचे पहिले वाचक. त्यांनी चष्मा वर केला. “थोरली घरीच असेल, हे तुम्हाला हो काय ठाऊक?”

“तुम्ही आपले खिळे जुळवा.”

रविवारी तिने खोली दोनदा झाडली. दुसऱ्या खुर्चीवरचे पत्रांचे गठ्ठे खाली ठेवले. कपाटात मागे पडलेला दुसरा कप काढून घासला. चार वाजले, पाच वाजले. जिन्यात पावलं वाजली की ती उठायची, पण पावलं खालच्या मजल्यावरच थांबायची. सातला तिने दोन्ही कप विसळले. वापरला एकही नव्हता.

मग आठवडाभर पत्रं आली. एक नाही, सात धाकट्या! ‘ताई, तुम्ही सांगितलंत आणि मी गेले.’ यातल्या सहा जणींनी मुळात काही विचारलंच नव्हतं. प्रश्न छापलेला नाही, मग उत्तर आपल्यालाच आहे असं प्रत्येकीला वाटलं. शिवाय एका बाप्यानेही लिहिलं होतं, ‘मी धाकटा आहे, तरी गेलो.’ सातव्या धाकटीचं पत्र त्याच पहिल्या अक्षरातलं. ‘थोरलीने आधी पाठीत धपाटा घातला, मग जेवायला वाढलं.’

ताईने ते काकांना वाचून दाखवलं आणि तिथेच स्टुलावर बसून रडली. “सगळ्यांच्या बहिणींना कळलं हो. माझ्याच बहिणीला नाही कळलं.” आणि मग ट्रंकेची गोष्टही सांगून टाकली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

काका शाईची बोटं पुसू लागले. “रागावू नका. पण जिला दारातून हाकललं, तिनेच पुन्हा यायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान...” म्हणाले, आणि पुढचं गिळलं.

ताई तरातरा निघून गेली. दोन दिवस फिरकली नाही. गुरुवारी कागद आणून टेबलावर आपटला. ‘थोरलीस: चूक तुमची होती. तुम्हीच जा.’

काकांनी पत्रांचा गठ्ठा चाळला. “थोरलीचं पत्र कधी आलं?”

“झाली बारा वर्षं,” ताई म्हणाली.

रविवारी ती पूल ओलांडून गेली. वाटेत काय बोलायचं ते तिने चारदा ठरवलं. धाकटीने दार उघडलं. केस पिकले होते तिचे, आणि ताईला ते माहीतच नव्हतं.

“काय काम आहे?” धाकटी म्हणाली.

हजारो लोकांना सल्ले दिलेल्या बाईच्या तोंडून जे आलं, ते तिचं नव्हतंच.

“मला परत पाठवू नकोस गं.”

धाकटी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या रिकाम्या हातांकडे.

“ट्रंक नाही आणलीस?” ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.