एकादशीला रुसणारा मृदंग

मी एक जुना मृदंग आहे, मित्रांनो. आता देवळातल्या खुंटीवर विसावलो आहे. पण कान लावलात तर माझ्या शिसवी पोटात अजून हरिनाम घुमते.

चाळीसगावच्या कारागिराने मला घडवले. खोड कोरून पोट केले, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचे कातडे ताणले, उजवीकडे काळी शाई चढवली. जळगावजवळच्या आमच्या गावात तोतारामभाऊंनी मला मांडीवर घेतले आणि माझ्या जन्माचे सोने झाले. त्यांची थाप पडली की बुवांचा अभंग जणू पालखीत बसून निघायचा.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात मात्र माझे ग्रह फिरले. ऐन कीर्तनात माझा सूर उतरू लागला. पावसात कातडे सैल पडते, हे भाऊ जाणून होते. पण आभाळ तर धुतल्यासारखे स्वच्छ! त्यात दोनदा नेमकी एकादशी. देवळाचे पंच रुपचंदनाना भर सभामंडपात कडाडले, "तोताराम, एकादसले कांदा खादा शे तू! मृदंगले बठ्ठं समजस." म्हणजे, मला म्हणे सगळे कळते!

"माळनी आन शे, नाना. कांदाले हात बी नही लावा." भाऊंचा आवाज माझ्याहूनही उतरला.

"माघना सप्त्याले चाळीसगावना वादक वाजाडी," नानांनी सांगून टाकले. गळ्यातली तुळशीची माळ हीच भाऊंची अब्रू. तिलाच डाग लागला.

शाळेच्या प्रमिलाबाई कीर्तनाच्या भारी वेड्या. त्या मुलांना म्हणाल्या, "बुवा आधी समोरच्याची शंका मांडतात, मगच उत्तर देतात. आपणही तसंच करू. मृदंग एकादशीलाच रुसतो का, ते रोज बघू."

रोज हरिपाठानंतर मुले देवळाच्या भिंतीवर एक टिपका काढू लागली. सूर उतरला तर गेरूचा लाल, नाही तर चुन्याचा पांढरा. एकादशीच्या टिपक्याखाली तुळशीचे पान.

"बाई, पांढरे कशाला?" एका मुलीने विचारले. "चांगल्या दिवसाचं काय मांडायचं?"

"अगं, सगळ्यांनी वाईट तेवढेच दिवस लक्षात ठेवले, म्हणून तर भाऊंवर आळ आला!"

हळूहळू भिंत बोलू लागली. तुळशीच्या एका पानावर चक्क पांढरा टिपका! आणि पान नव्हते तिथेही लाल टिपके. मुलांनी अमावास्या लावून पाहिली, बाजारचा वार लावून पाहिला. काही जुळेना.

तेवढ्यात देवळामागे राहणाऱ्या भिकुबाई अक्का म्हणाल्या, "माय व! ज्या दिन मृदंग रुसस, त्या दिन मना घरनं मीठ बी पाझरस."

मुले हसली, बाई हसल्या नाहीत. हवेत ओल असल्याशिवाय मीठ पाझरत नाही. मग ही ओल येते कुठून? देवळाच्या मागच्या खिडकीपलीकडे झुलाल शेतकऱ्याची केळीची नवी बाग होती. वीज येईल तेव्हा त्याची मोटार चाले आणि बाग पाण्याने भरे. पाणी सुटले त्या दिवशी मुले टिपक्यावर निळा थेंब काढू लागली. काय सांगू, मित्रांनो! थेंब तिथे लाल, थेंब तिथे लाल! एकच थेंब पांढऱ्यावर पडला, आणि त्याच दिवशी ती खिडकी बंद होती.

सप्त्यातली एकादशी उजाडली. मोटार सकाळपासून धडधडत होती. मुलांनी आधीच सांगून ठेवले, "नाना, आज कोणीही वाजवो, मृदंग उतरणारच." चाळीसगावचा वादक हसला. अभंग रंगात आला, आणि त्याच्या हाताखाली मी बदकन सैलावलो.

"नाना, यानी बी कांदा खादा का?" अक्कांनी बायकांतून विचारले. सभामंडप हास्यात बुडाला.

बाईंनी मागची खिडकी लावली, मला शेगडीवर धरून शेकले आणि तोतारामभाऊंच्या मांडीवर ठेवले. थाप पडली. मी असा गर्जलो की टाळ आपोआप उठले, बुवा नाचू लागले! नानांनी आपल्या गळ्यातला हार काढून भाऊंना घातला. "चुकनू रे भाऊ," ते म्हणाले आणि वाकले. भाऊंनी त्यांना मध्येच उचलून मिठीत घेतले.

मित्रांनो, मला ओलीपासून जपा, माझ्या चामड्याच्या वाद्या आवळत राहा. आणि कोणाकडे बोट दाखवण्याआधी पांढरे टिपकेही मोजा. दर दिवाळीला देवळाला चुना लागतो. पण टिपक्यांच्या त्या भिंतीपाशी आला की रुपचंदनाना रंगाऱ्याचा हात धरतात.