पाण्यावरची फळी

धोंडूने कुवेतहून काय आणलंय ते बघायला अर्धं वेळणेश्वर अंगणात जमलं होतं. कोणी म्हणे मोठा टीव्ही असेल, कोणी म्हणे शिवणयंत्र. ट्रकमधून चौघांनी मिळून उतरवली ती एक लांबट, पांढरी वस्तू. होडी म्हणावी तर बसायला जागा नाही, मोटारसायकल म्हणावी तर चाकं नाहीत. पुढे एक लांब दांडा, त्याच्या टोकाला हँडल, आणि मागे दोन पावलं मावतील एवढा पाट.

"ह्याच्यावर बसायचं कुटं?" म्हाताऱ्या गंगुबाईने विचारलं.

"बसायचं नाय, उभं ऱ्हवायचं," धोंडू म्हणाला. "ही जेट स्की. दर्यावर पळते."

"मग तू तिकडं पळवायचास काय?"

धोंडूने मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवलं.

खरं सांगायचं तर धोंडूने ती आयुष्यात एकदाही पळवली नव्हती. तिकडच्या एका क्लबात तो ही यंत्रं धुवायचा, पेट्रोलात ऑइल मिसळून टाक्या भरायचा आणि साहेबांना पाण्यात ढकलून द्यायचा. पहिल्या वर्षी त्याला हे सगळे साहेब येडे वाटले होते. सुट्टीच्या दिवशी घरात निजायचं सोडून हे लोक दिवसभर पाण्यात आपटत. पण मग त्याने एक गंमत बघितली. असाच एक ढेरपोट्या साहेब महिनाभर पडत राहिला, आणि एका सकाळी वीसेक हात अंतर उभ्याने गेला. किनाऱ्यावर आला तेव्हा त्याचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं. त्यानंतर सुट्टीचा एकही शुक्रवार चुकला नाही त्याचा. सगळ्यांचं तसंच. एकदा उभा राहिला की तो माणूस संपला! दारू सुटेल, पण हे सुटायचं नाही.

ते तोंड धोंडूच्या मनातून जाईना. नोकराला चढायची परवानगी नव्हती. तोच साहेब मायदेशी परत जाताना आपलं बंद पडलेलं जुनं यंत्र धोंडूला देऊन गेला, आणि धोंडूने ते खोलून, घासून, पुन्हा जोडून चालू केलं. आता फक्त त्यावर उभं राहायचं होतं.

पण घरात थोरला भाऊ आत्माराम होता. आत्माराम होडीवरचा तांडेल. घरात आणि दर्यात त्याचाच शब्द चाले. त्याने वर सड्यावर, कातळाच्या माळावर, हापूसची कलमं लावली होती आणि विहीर होती खाली. घागरी वाहून वाहून त्याच्या खांद्यांची सालं निघाली होती. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा केरू मेस्त्री जेट स्कीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ह्या इंजिनावर पाण्याचा पंप झकास चालंल." आत्मारामाचे डोळे चमकले.

"दादा, ह्याला हात लावू नको," धोंडू म्हणाला.

"का? देव्हाऱ्यात बसवणार हायस?"

बोलाचाली झाली. शेवटी आत्मारामाने चारचौघांत निकाल दिला. "ऐतवारी दर्यातल्या कासवखडकापर्यंत उभा जा, नि उभाच परत ये. तसं केलंस तर यंत्र तुझं. नायतर सोमवारी केरू इंजिन काढील."

धोंडू त्याच दिवशी पाण्यात उतरला. यंत्राच्या मागच्या पाटावर पालथं व्हायचं, हँडलवरचा खटका अंगठ्याने दाबून गती द्यायची, गुडघे वर घ्यायचे, मग एकेक पाय. साहेबांना त्याने हे शेकडो वेळा सांगितलं होतं. सांगणं सोपं असतं. गुडघ्यांवर यायचा, एक पाय उचलायचा आणि धपकन पाण्यात. तो पडला की यंत्र आपलं त्याच्याभोवती सावकाश गोल फिरत राही, मालकाची वाट बघणाऱ्या म्हशीसारखं. पुळणीवरचे लोक पोट धरून हसत.

"काय धोंड्या, खाली मासळी हाय काय?"

हसणाऱ्यांतला सदू मोठ्या तोऱ्यात पुढे आला. जन्म दर्यात गेला त्याचा. तोही पडला. सखाराम पडला. ज्याची दर्यातली उमर जास्त, तो आधी पडे. का, ते कोणाला कळेना. धोंडूच्या नाकातोंडात खारं पाणी गेलं, कोपरं सोलली, पण तो पुन्हा पालथा होई आणि पुन्हा अंगठा दाबे. हट्टाला पेटला होता नुसता.

त्याची बायको राही कोरडा टॉवेल घेऊन वाळूत बसून असे. तिचं माहेर देवरूखकडचं, डोंगरातलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण घोट्याच्या वर समुद्र तिने अंगाला लावून घेतला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी धोंडू थरथरत येऊन बसला तेव्हा ती म्हणाली, "एक बोलू? तुमी बैल थांबवता."

"कसले बैल?"

"पडायला झालं की तुमी त्याची गती कमी करता. सदूभावजी पन तेच करतात. आमच्याकडं भातशेतात चिखल सपाट करायला बैलांमागं फळी बांदतात. वजनाला मी उबी ऱ्हायची फळीवर. बैल चालतात तवर फळी चिखलावर तरंगते. थांबले की रुतते, नि मानूस तोंडावर. भ्या वाटलं की बैल हाकायचे. नि पायाकडं बघायचं नाय, शिंगांकडं बघायचं."

धोंडूला आधी रागच आला. जिने पाय भिजवला नाही ती तांडेलाच्या भावाला दर्या शिकवणार! पण डोक्यात काहीतरी खटकन बसलं. लाट अंगावर आली की इंजिन मंद कर, हे होडीवर पहिल्याच दिवशी शिकवतात. सगळ्या दर्यावर्दींच्या हाडात ते मुरलेलं असतं. या यंत्राला मात्र मंद केलं की ते वळतही नाही आणि उचलूनही धरत नाही.

शनिवारी ओहोटीला वेळणेश्वरने आणखी एक तमाशा बघितला. सखारामाचे बैल ओल्या पुळणीवर जुंपलेले, मागे फळी, फळीवर कासरा धरून धोंडू, आणि बाजूने पदर खोचून धावणारी राही. "गुडघे नरम! हाका! आनखी हाका!" धोंडू वाळूत आपटला, उठला, पुन्हा चढला. उन्हं तापेपर्यंत तो पुळणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा जाऊ लागला होता.

रविवारी आत्माराम हाताची घडी घालून उभा होता. धोंडू पाटावर पालथा झाला, अंगठा दाबला, गुडघ्यांवर आला. एक पाय, दुसरा पाय. समोरून लाट आली. अंगठा सवयीने सैल पडू लागला. "हाका!" मागून राही किंचाळली की त्याला नुसता भास झाला, देव जाणे. त्याने अंगठा करकचून दाबला.

आणि फळी तरंगली.

लाट खालून निघून गेली आणि धोंडू उभाच राहिला. असा आनंद त्याला जन्मात कधी झाला नव्हता. आजवर तो लोकांच्या होड्यांवर कामासाठी उभा राहिला होता, साहेबांच्या मागे पाण्यात उभा राहिला होता. नुसतं आपल्या मौजेसाठी उभं राहणं त्याला ठाऊकच नव्हतं. कासवखडक आला. तिथून वळायचं, हे तो साफ विसरला. खडकाला एक फेरी मारली, मग दुसरी, मग आणखी पुढे उघड्या दर्यात. यंत्र खोकलं आणि बंद पडलं तेव्हा कुठे त्याला पेट्रोलची आठवण झाली.

तो परत आला तो पोहत, यंत्र पुढे ढकलत. आत्माराम कमरेभर पाण्यात येऊन थांबला होता.

"उभा परत ये म्हटलं होतं."

"व्हय दादा."

"पोहत आलास."

"व्हय. हरलो मी." धोंडूला दम लागला होता, पण तोंडावरचं हसू काही केल्या मावळेना. "केरूला सांग, उद्या इंजिन काढ. पन आज टाकी भरून दे. आनखी एकदा जाऊन येतो."

आत्माराम भावाच्या त्या तोंडाकडे बघत राहिला. लहानपणानंतर त्याने ते कधी बघितलं नव्हतं. मग त्याने इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "गुडघे कवा वर घ्यायचे रे?"

"भावजी, आदी माजा नंबर!" आजवर थोरल्या दिरापुढे मान वर न केलेली राही कासोटा आवळून गुडघाभर पाण्यात उभी होती. "फळी माज्या म्हायेरची हाय."

सोमवारी केरू मेस्त्री पाने-पक्कड घेऊन आला. घरात चिटपाखरू नव्हतं. पुळणीवर ही गर्दी, यंत्र दर्यात, आणि सड्याच्या वाटेवरून आत्माराम दोन रिकाम्या घागरी घेऊन जवळजवळ धावतच विहिरीकडे उतरत होता.

"तांडेल, इंजिन काढू ना?"

"बाजूला हो, केरू!" आत्माराम न थांबता ओरडला. "कलमं शिंपून व्हायची हायत अजून. सदूनंतर माझा नंबर हाय!"