जांभळा ठिपका

“डोळे उघडायच्या आत उरकायचं बघ, शेपूट. ज्यानं अजून जगच पाहिलं नाही, त्याला दुखणं काय कळणार?”

हा आवाज जनावरांच्या डॉक्टरीणबाईच्या कानात सत्तेचाळीस वर्षं मुक्कामाला होता. पिल्लू तळहातावर घेतलं की तो आधी खाकरायचा, मग बोलायचा. तो आबांचा आवाज होता, पण आताच्या आबांचा नव्हे. आताचे आबा दोन शब्दांच्या मध्ये दम खातात. हा आवाज त्या आबांचा, जे एका हातात पत्र्याची डबी आणि दुसऱ्या हाताला लेक धरून वारा प्यायल्यासारखे चालायचे.

आबा कुत्र्यांच्या कान-शेपट्यांचं काम करायचे. कुणाकडे जातिवंत कुत्री व्याली की तिसऱ्या दिवशी निरोप यायचा. आबा निघाले की नऊ वर्षांची ही मागे, म्हणून घरात तिचं नाव पडलं शेपूट. “हे एवढं शेपूट मात्र कापायचं नाही बरं का,” असं आबा दारोदार सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

कामाची त्यांची एक रीत होती. पिल्लांना गारवा बाधतो, म्हणून प्रत्येकाला फडक्यात गुंडाळून टोपलीत ओळीनं ठेवायचं, फक्त डोकं बाहेर. एकेक उचलायचं, मागून फडकं सोडायचं, काम करायचं, पुन्हा गुंडाळायचं आणि शेपटीच्या, म्हणजे लेकीच्या, हातात द्यायचं. तिनं काडीच्या कापसावर जांभळं औषध घेऊन पिल्लाच्या कपाळावर ठिपका लावायचा. ठिपका असलेलं झालं, नसलेलं राहिलं. मागाहून फडकं उघडून बघायचं नाही, टाका ओढला जातो. आणि कापलेल्या शेपट्या मोजायच्या नाहीत. आबा त्या न बघताच पुडीत बांधायचे आणि कुठल्याशा झाडाखाली पुरायचे. म्हणायचे, “मोजलं की मनात राहतं.”

पिल्लांची आई शेजारच्या खोलीत कोंडलेली असायची. ती दार खरवडायला लागली की आबा खालच्या सुरात म्हणायचे,

“दाराआडच्या माउली, नको दाराला धडकू,
घडीभराचं दुखणं, नको मनात साठवू,
तुझ्या कुशीत लेकरू, आत्ता आणून ठेवू.”

नऊ वर्षांच्या पोरीला तेव्हाही वाटायचं, दुखत नाही म्हणणारा माणूस हे गाणं म्हणतो तरी कुणासाठी?

एकदा एका बंगल्यात सात पिल्लं होती. चौथं पिल्लू आबांच्या हाताशी सरकवताना त्याचं फडकं मागून सुटलं आणि शेपटी तिच्या करंगळीला येऊन लागली, ओल्या दोऱ्यासारखी, गरम. आबा खाली मान घालून सुईत दोरा ओवत होते. तिनं फडकं नीट केलं, काडी बाटलीत बुडवली आणि त्या पिल्लाच्या कपाळावर ठिपका लावला. बस, एवढंच. आबांनी वर बघितलं, ठिपका पाहिला आणि पुढचं पिल्लू उचललं.

चार दिवसांनी बंगलेवाल्या बाईंनी आबांना बोलावून दारातच उभं केलं. “एक तसंच राहिलंय. नजर गेली असेल तर घरी बसा. उद्या शेपटीऐवजी पाय कापाल.” गोष्ट घरोघर पोचली. निरोप यायचे थांबले. पण लोकांनी म्हटलं त्याचं काही नव्हतं, आबांनी स्वतःच ते मानलं. डबी माळ्यावर टाकली आणि पुढची तीस वर्षं एका गोदामात गठ्ठे बांधले. तिथं प्रत्येक गाठ दोनदा चाचपायचे. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. ताटात मीठ वाढलंय का, हे डोळ्यांना दिसत असूनही बोटानं तपासायचे.

ते सुटलेलं पिल्लू मोठं झालं. ती शाळेत निघाली की बंगल्याच्या फाटकाशी येऊन असं सबंध अंगानं हलायचं, की शेपटी गजांवर टणटण वाजायची. ती मान खाली घालून पुढं जायची.

सांगायचं राहूनच गेलं. आधी माराची भीती होती, मग आबांची दया आली, मग उशीर झाला. एकदा उशीर झाला की माणूस त्यालाच पाठ टेकून बसतो.

आज दुपारी दवाखान्यात शेवटचा माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर तीन महिन्यांचं पिल्लू, कान दोन्हीकडं पानासारखे लोंबलेले.

“हे असे पडके कान बरे दिसत नाहीत हो,” तो म्हणाला. “रुबाबच येत नाही. कापून उभे करून द्या.”

“मी करत नाही.”

“का?”

एके काळी या एका ‘का’वर ती अर्धा अर्धा तास बोलायची. कुत्रं कानांनी आणि शेपटीनं बोलतं, तुम्ही त्याची जीभच छाटताय, असं म्हणायची. समोरच्यांकडेही उत्तरं असायची. शिकारी कुत्र्याची शेपटी काट्याकुट्यांत फाटते, लोंबत्या कानात मळ साचतो, प्रदर्शनात असंच लागतं, आमच्या आजोबांपासून चालत आलंय. त्यात थोडं खरंही होतं. फाटलेली शेपटी तिनं स्वतः शिवली होती. “मग ठेच लागेल म्हणून पायही काढू या का?” असं तेव्हा ती चिडून विचारायची. आता चीडही उरली नव्हती. दोन्ही बाजूंची वाक्यं जिन्याच्या पायऱ्यांसारखी मध्ये झिजली होती, कुठलंही पाऊल तिथंच पडायचं. आणि बोलता बोलता मनातून कुणीतरी टोचायचं, की डॉक्टर झाल्यावर पहिली बारा वर्षं तूही शेपट्या कापल्यास की गं.

“हात दुखतात हो हल्ली,” ती म्हणाली.

गेली दोन वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत होती. दुखऱ्या हाताशी कुणी वाद घालत नाही.

“अरेरे. तेल लावून शेकत चला,” माणूस हळहळला आणि दुसऱ्या दवाखान्याचा पत्ता विचारून गेला. दारातून जाताना पिल्लाचे कान एकदा हवेत उडाले. ती बघत राहिली. मग तिनं टेबल पुसलं. आधीच पुसलेलं होतं, तरी पुसलं.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

“डॉक्टरीणबाई आहेत का, की बसल्यात हात शेकत?”

हा दादा, तिचा थोरला भाऊ. त्याच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि मागोमाग भिंतीला धरत आबा. आबांच्या काखेत ती पत्र्याची डबी होती. माळ्यावरून उतरवून घासलेली, इतकी की झाकणावरचा रंगही निघून गेला होता.

खोक्यात पाच पिल्लं होती. दादाची कुत्री तीन दिवसांपूर्वी व्याली होती. ती आता गाडीत बसून काचेला नाक लावून बघत होती, आणि काच वाफेनं पांढरी होत होती.

“दादा, मी तुला फोनवरच नाही म्हटलं होतं.”

“तू कुठं नाही म्हणालीस? तू म्हणालीस हात दुखतात. मी घरी तसं सांगितलं. झालं! आमचे पिताश्री पहाटेपासून डबी घासतायत. म्हणे, लेकीचे हात दुखतात तर माझे कधी कामाला येणार?”

ती आबांकडे वळली. आबा खुर्चीत टेकले होते. डबी मांडीवर होती आणि बोटं थरथरत असल्यामुळं झाकण बारीक वाजत होतं.

“बरा आहे का गं हात?” आबांनी विचारलं. “दाखव बघू.” तिनं हात पुढं केला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला. “इथं दुखतं ना? मलापण इथंच दुखायचं. आपल्या धंद्याचं दुखणं हे.”

दादानं तिला बाजूला घेतलं.

“ऐक,” तो हळूच म्हणाला, “तू कर. दोन मिनिटांचं काम आहे. नाहीतर ते करतील, आणि त्यांचे हात तू बघतेच आहेस.”

“नाहीतर कुणीच करू नये.”

“आणि पिल्लं न्यायला येणाऱ्यांना काय सांगू? त्यांना आखूड शेपटीचीच हवीत. अगं, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, सगळं जग म्हणतं. मग एवढं जपायचं कशाला त्या वाकड्याला?” आपल्याच विनोदावर तो हसला, पण तोही दमलेला होता. डोळ्यांखाली काळं आलं होतं. “खरं सांगू? पिल्लांचं मी बघेन कसंही. पण आबा रोज एकच म्हणतात, एकदा एका वेताची सगळी पिल्लं नीट करायची आहेत. त्यांना नाही म्हणायचा मला कंटाळा आलाय. तू म्हण.”

“काय कुजबुज चालली आहे?” आबांनी विचारलं. “शेपूट, ये इकडं. मला दोरा ओवून दे, तेवढं दिसत नाही आता. बाकी हात आपोआप चालतील. आणि तू ठिपका लाव, पूर्वीसारखा.” ते थांबले, दम घेतला. “पाचच आहेत. आज एकही राहू द्यायचं नाही. त्या बंगल्यातलं एक राहिलं ना, ते मी अजून रोज मोजतो. शेपट्या नाही मोजल्या कधी. ते एक पिल्लू मात्र मोजतो. एवढी पाच झाली, की मी सुटलो.”

गाडीतून कुत्रीचं एकच बारीक कण्हणं आलं, दारामागून यायचं तसं. आबांचे ओठ हलले. गाणं सवयीनं वर आलं होतं, पण दमात अडकलं. “दाराआडच्या माउली…” एवढंच ऐकू आलं.

ती फळीकडे गेली. जांभळ्या औषधाची बाटली मागच्या रांगेत होती. झाकण घट्ट बसलं होतं, तिनं ते एका पिळात उघडलं. ते बघून दादानं भुवई वर केली. दुखऱ्या हातानं असं झाकण निघत नाही.

तिनं खोक्यातली पिल्लं एकेक करून फडक्यात गुंडाळली आणि टेबलावर ओळीनं ठेवली. पाच काळी डोकी, मिटलेले डोळे, आई शोधणारी तोंडं. आबांनी समाधानानं मान हलवली. “अस्सं. रीत विसरली नाहीस.” त्यांनी डबी उघडली आणि कात्री काढून पालथ्या हातावर पुसली.

तिनं काडीला कापूस गुंडाळला, बाटलीत बुडवला आणि पहिल्या पिल्लाच्या कपाळावर ठिपका लावला. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या.

“अगं, अगं!” आबा म्हणाले. “हे काय करतेस? अजून एकाचंही झालं नाही.”

चौथ्याच्या. पाचव्याच्या.

“झोपेत आहेस का?” दादा म्हणाला.

तिनं काडी खाली ठेवली. तिच्या बोटांना जांभळा रंग लागला होता, लहानपणी आठवडाभर न जाणारा.

“माझे हात दुखत नाहीत, आबा. कधीच दुखत नव्हते. मला हे करायचं नाही. आणि तुम्हाला करू द्यायचं नाही.”

आबांनी कात्री मिटली. रागावले नाहीत. कानांवर विश्वास न बसल्यासारखे ते नुसते बघत राहिले. “पण दुखत नाही त्यांना,” ते म्हणाले. “डोळेसुद्धा उघडलेले नसतात.”

“मग तुम्ही गाणं कुणासाठी म्हणायचात?”

आबा ओळीकडे बघत होते. पाच कपाळं, पाच ठिपके, आणि फडक्यांच्या आत सगळं तसंच शाबूत. ते हळूच पुढं वाकले, एका ठिपक्यावर बोट टेकवलं आणि ते ओलं बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. ताटातलं मीठ तपासायचे, तसं. झाकणाचं वाजणं थांबलं होतं.

“शेपूट,” ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “बंगल्यातलं ते…”

ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. गुडघे कुरकुरले. तिनं त्यांचा हात आपल्या जांभळ्या हातात घेतला.

“तुमची नजर चांगली होती, आबा. तुम्ही दोरा ओवत होतात, तेव्हा त्या पिल्लाला ठिपका मी आधीच लावला होता.”