होईलरावांची फायनल

त्यांना सगळे होईलराव म्हणत. खरं नाव बायकोला आणि बँकेला तेवढं ठाऊक होतं. कोणी काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. हॉल मिळेल का? होईल. पंच आजारी पडलेत, कसं करायचं? होईल. त्यांची बायको म्हणायची, "उद्या आभाळ कोसळलं ना, तरी हे म्हणतील, होईल, एखादी ताडपत्री बघतो."

होईलराव पूलच्या स्पर्धा भरवत. आता पूल म्हटलं की निम्म्या लोकांना नदीवरचा आठवतो आणि उरलेल्यांना पोहण्याचा. एकदा तर उद्घाटनाला आलेले पाहुणे भर सभेत म्हणाले, "पुलामुळे दोन तीर जवळ येतात, व्यापार वाढतो, सोयरिकी जुळतात." होईलरावांनी धावत जाऊन त्यांच्या कानात दोन शब्द सांगितले. पाहुणे कसलेले होते. घोटभर पाणी पिऊन त्यांनी भाषण तसंच पुढे ओढलं, "आणि हा पूल तर हिरव्या कापडाचा आहे!" टाळ्या मिळाल्याच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं. मोठं टेबल, त्याला सहा खिसे. काठीने फक्त पांढऱ्या बॉलला मारायचं आणि त्याच्याकरवी बाकीचे खिशात घालायचे. होईलरावांच्या स्पर्धेत नऊ बॉलचा खेळ असे. टेबलावर जो सगळ्यात लहान नंबरचा बॉल असेल त्याला पांढरा आधी लागला पाहिजे. नऊ नंबरचा, म्हणजे पिवळ्या पट्ट्याचा, जो खिशात घालेल त्याचा डाव. ऐकायला सोपं आहे. भात शिजवणंही ऐकायला सोपंच असतं.

खेळणाऱ्यांची नावं पेपरात येत. पण टेबल केसभरही कलू नये म्हणून त्याच्या पायाखाली पत्त्यांचे तुकडे सरकवत फरशीवर आडवं कोण झालं होतं, दूरच्या खेळाडूला स्टेशनवरून कोणी आणलं, त्याला रात्री उशी उंच लागते की चपटी हे कोणी विचारून घेतलं, ते पेपरात येत नाही. कापडावरची धूळ झाडायला होईलराव घरचा कपड्यांचा मऊ ब्रश नेत. बायको म्हणायची, "टेबलावर एक कण नाही आणि तुमच्या कोटावर शेत पेरावं एवढी माती."

होईलरावांची तक्रार एकच होती, आणि तीही ते कोणाजवळ बोलत नसत. इतक्या स्पर्धा भरवल्या, पण फायनल त्यांनी एकदाही पाहिली नव्हती. पहिल्या वर्षी ऐन फायनलला कळलं की कप पाहुण्यांच्या गाडीत राहिलाय आणि ड्रायव्हर गाडी घेऊन जेवायला गेलाय. पुढच्या खेपेला एकाच्या काठीचं टोक निघालं, होईलराव डिंक शोधत बाजारभर हिंडले. मग एक वर्ष असं की प्रेक्षकांतल्या एका बाईंचा नवरा हरवला. तो सापडला बाहेरच्या बाकावर, घोरत. दर वर्षी टाळ्यांचा कडकडाट होई आणि दर वर्षी तो त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येई.

या वर्षी मात्र त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "मी फायनल बघणार. खुर्चीवर बसून. पहिल्या रांगेत."

"तुम्ही?" बायको म्हणाली. "बसून?"

"होईल," होईलराव म्हणाले आणि सकाळीच मधल्या खुर्चीवर रुमाल टाकून आले.

फायनलही तशीच जुळली होती. एका बाजूला मौनी. हा जुना विजेता टेबलाशी उभा राहिला की अक्षर बोलत नसे, म्हणून हे नाव. दुसऱ्या बाजूला डावखुरी. ही नव्या दमाची पोर, डाव्या हाताने असे फटके मारायची की बॉललाही कळू नये आपण कुठे चाललोय. जो आधी सात डाव जिंकेल त्याचा कप.

दुपारी चारला खेळ सुरू व्हायचा होता. उन्हाची तिरीप टेबलावर आली तर बॉलची सावली पडते, म्हणून खिडक्या घट्ट लावून टेबलावर मोठे दिवे सोडले होते. पावणेचारला ते दिवे गेले.

वायरमन आला. मागच्या बोळकांडीतल्या स्विचच्या खोलीत त्याने डोकं घातलं आणि बाहेर काढलं. "मेन स्विचची स्प्रिंग मेलीय. दांडा वर राहत नाही. नवी उद्या मिळेल."

"आजचं काय?"

"हाताने वर धरून ठेवला तर चालतंय."

"दोरीने बांधू या की," होईलराव म्हणाले.

"आणि काही जळायला लागलं तर दोरी स्वतःहून सुटणार आहे का?" वायरमनने टिकल्या उचलल्यासारखे स्क्रू गोळा केले. "माणूस धरा. लाकडी मूठ आहे, शॉक नाही बसत. फक्त सोडायचं नाही." एवढं बोलून तो दुसऱ्या कामावर गेला.

होईलरावांचे मेहुणे तिथेच उभे होते. हे बायकोचे थोरले भाऊ. अंगाने भरदार आणि आवाजाने त्याहून. "भाऊजी, तुम्ही बिनघोर जाऊन बसा. एक दांडा तो काय! मी तरुणपणी पोत्यांची थप्पी डोक्यावर—"

"डोक्यावर नको, दादा," बायको म्हणाली. "हातात धर."

होईलराव खुर्चीवर जाऊन बसले. पाठ टेकवली. खुर्चीला पाठ असते हे त्यांना नव्यानेच कळल्यासारखं वाटलं. पहिले दोन डाव त्यांनी असे पाहिले की डोळ्यांची पापणी हलली नाही. तिसऱ्या डावात मौनीने एक बॉल दोन कडांना आपटवून अलगद खिशात सोडला. हॉल टाळ्यांनी दुमदुमला आणि काळोख झाला.

काळोखात मेहुण्यांचाही आवाज आला, "वा! क्या बात है!" आवाज हॉलच्या दारातून येत होता.

होईलराव चाचपडत तिकडे गेले. "अहो, सोडलात का?"

"भाऊजी, असा फटका! टाळी नको वाजवायला?"

"एका हाताने वाजवा!"

"टाळी कधी एका हाताने वाजते का?" मेहुणे दुखावून म्हणाले.

मेहुण्यांनी पुन्हा दांडा धरला. पण बोळकांडीतून आवाज तेवढा ऐकू येतो, दिसत काही नाही, आणि मेहुण्यांचा जीव तो केवढा! पाचव्या डावात 'आहा' ऐकून ते पुन्हा डोकावायला आले. डावखुरी नेमकी फटका मारत होती. अंधारात 'टक्' झालं, मग 'टण्' झालं. दिवे आले तेव्हा पांढरा बॉल पुलावर बोलणाऱ्या त्याच पाहुण्यांच्या चहाच्या कपात होता आणि चहा पाहुण्यांच्या मांडीवर.

पंचांनी बॉल पुसून टेबलावर ठेवला. शिस्तीचा माणूस. "हा फटका पुन्हा घ्यायचा," ते म्हणाले. "पण यापुढे एकदा जरी दिवे गेले, तर मी सामना रद्द करीन. कप कपाटात जाईल."

होईलरावांनी हॉलभर नजर फिरवली. दांडा धरायला असा माणूस हवा होता ज्याला खेळ पाहायचा नाही. पण असा माणूस हॉलमध्ये आलाच कशाला असता? बायको बिचारी लगेच तयार झाली. टाचा उंच करूनही तिची बोटं दांड्याच्या वीतभर खाली राहिली. स्टूल दिलं, तर स्टूलच डगमगू लागलं.

"उतर," होईलराव म्हणाले. त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि दांडा वर धरला.

"अहो, पण तुमची फायनल?"

"तू दारात उभी राहा. मला सांगत जा."

इकडे मेहुण्यांनी होईलरावांचा रुमाल घडी करून खिशात ठेवला, तो हरवू नये म्हणून, आणि खुर्चीवर बसून घेतलं. रिकामी बरी दिसली नसती.

बायको हॉलच्या दारात अशी उभी राहिली की एका डोळ्याला टेबल दिसावं आणि दुसऱ्याला नवरा. तिने पदर खोचला आणि कुजबुजत सुरुवात केली.

"मौनीने मारला. पांढरा जोरात गेला."

"तो नेहमीच जातो. कुठला पडला?"

"निळा. मग लाल. आता तो वाकलाय. त्याचा सदरा मागून उसवलाय हो."

"सदरा राहू दे! बॉल सांग."

"शू!" पंचांनी मान वळवली. बायकोने ओठ मिटले आणि बोटं वर केली. जो बॉल पडेल तितकी बोटं, असं तिने ठरवलं. आता हे तिने ठरवलं, पण होईलरावांना सांगणार कसं? त्यांना वाटलं, ती जिंकलेले डाव दाखवतेय. तिने पाच बोटं दाखवली, मग सहा, मग सात. सात म्हणजे सामना संपला! पण टाळ्या कशा नाहीत? तेवढ्यात तिने आठ दाखवली. सातच डाव जिंकायच्या सामन्यात आठवा कोणी जिंकला, हे कोडं सोडवता सोडवता त्यांच्या दंडाला मुंग्या आल्या. त्यांनी हात बदलला. दांडा मात्र सूतभरही हलू दिला नाही.

मग बायको न राहवून दोन पावलं बोळकांडीत आली. "सहा-सहा झालेत. हा शेवटचा डाव. मौनी चुकला. एकच बॉल राहिलाय टेबलावर, आणि तो अगदी कडेला चिकटून बसलाय, जावई रुसून बसतो ना, तसा."

"कुठला बॉल?"

"पिवळा."

"एक नंबरचा साधा की पट्ट्याचा?"

"दारातून पट्टा कुठे दिसतो हो?"

"अगं, एकच उरलाय म्हणजे पट्ट्याचाच! जा, बघ!"

ती धावली. होईलरावांनी डोळे मिटले. काठीचा आवाज आला. बॉलवर बॉल. एक कड. दुसरी कड. मग इतका वेळ काहीच नाही, की बॉल जेवून येतोय असं वाटावं. मग खिशात पडल्याचा तो गोड, जड आवाज, आणि त्यामागून टाळ्या. मेहुण्यांची टाळी त्यांत सहज ओळखू आली. भिंतीपलीकडून.

कोण जिंकलं, हे मात्र सांगायला कोणी आलं नाही. बायकोला पंचांनी कप आणायला पिटाळलं होतं. पाहुणे बोलले. पुलामुळे तीर जवळ येतात हेही बोलून झालं. होईलराव दांडा धरून उभेच होते. बक्षीस समारंभात काळोख झाला तर?

कप घेतल्यावर डावखुरीने चारी बाजूंना पाहिलं. "होईलराव कुठायत? मला त्यांच्या पाया पडायचंय. काल माझी बॅग बसमध्ये राहिली तर ते डेपोपर्यंत गेले होते."

तेव्हा कुठे बायकोच्या लक्षात आलं. "अगं बाई! ते अजून धरूनच असतील!"

डावखुरी बोळकांडीत शिरली, मागोमाग मौनी, मागून पंच आणि मेहुणे. दोन्ही हात वर केलेले होईलराव पाहून डावखुरीला आधी हसू आलं, मग आलं नाही.

"जिंकलीस का?" त्यांनी विचारलं. "छान वाजला शेवटचा."

"तुम्ही पाहिलात कुठे?"

"ऐकला की. दोन कडा घेतल्यास ना?"

मौनी पुढे झाला. आणि सकाळपासून ज्याने 'हूं' सुद्धा केलं नव्हतं तो माणूस चक्क एक अख्खं वाक्य बोलला, "यांना आधी बसवा." मग मेहुण्यांकडे वळून दुसरंही बोलला, "आणि तुम्ही धरा."

"मी? पण मला पण—"

"दादा," बायको म्हणाली, "मी इथेच उभी आहे. तुझ्यासमोर."

मेहुण्यांनी मुकाट्याने दांडा धरला. हॉलमध्ये जे लोक उरले होते त्यांना पंचांनी बजावलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, उगाच एखाद्याला मोह व्हायचा. होईलराव खुर्चीत बसले. पट्ट्याचा पिवळा पुन्हा कडेला चिकटवला, पांढरा होता तिथे ठेवला. डावखुरीने काठीच्या टोकाला खडू लावला. तोच फटका. एक कड, दुसरी कड, पिवळा खिशाच्या तोंडाशी आला, आत वाकून पाहिलं आणि बाहेरच थांबला.

मौनीने शांतपणे काठी उचलली आणि पांढऱ्याने तो आत ढकलला.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे होईलरावांकडे पाहत होते. डावखुरीने कप पोटाशी घट्ट धरला. "हे काही खरं नव्हतं हं! खरी मी जिंकलेय."

"यांच्यासमोर मी जिंकलो," मौनी म्हणाला. त्याला आता बोलायची चटकच लागली होती.

"होईलराव, तुम्हीच सांगा!"

होईलरावांनी डोकं खाजवलं. "पोरी, कप तुझाच. सगळ्यांनी पाहिलंय. पण खोटं कसं बोलू? माझ्या डोळ्यांदेखत जी एकच फायनल झाली ती यांनी जिंकली."

पंचांनी घसा साफ केला. नियमात असं काही नव्हतं. "एक-एक बरोबरी," ते म्हणाले. "कप आहे तिथेच राहील. पण होईलरावांपुरता आणखी एक डाव खेळता येईल."

"रचा मग," डावखुरी म्हणाली आणि कप होईलरावांच्या मांडीवर ठेवून टेबलाकडे गेली.

नऊ बॉल रचले गेले. तिने ब्रेक मारला. बॉल चहूकडे उधळले. तोच बोळकांडीतून हाक आली, "भाऊजी! कोण मारतंय? अहो भाऊजी, जरा या ना इकडे!"

हाक मारली आणि होईलराव उठले नाहीत, असं आजवर झालं नव्हतं. बायकोने मेहुण्यांवर डोळे वटारले. पुन्हा हाक आली, या वेळी जरा रडवेली. होईलरावांनी ओठांवर बोट ठेवलं, मांडीवरचा कप सावरला आणि एक नंबरचा पिवळा कुठे जातोय ते खुर्चीच्या टोकाशी सरकून बघू लागले.