हिरवा चौकोन

नव्या पत्र्याच्या वर्गाभोवती अख्खं गाव लोटलं होतं. तिसरीतल्या लेकेलेनीने टॅबलेटवर बोट टेकवलं, घंटी वाजली, तारा चमकला आणि बायकांनी जिभा हलवत असा गलका केला, की साहेबांच्या जेवणासाठी राखलेल्या कोंबड्या बिथरून पळाल्या.

"शंभर तारे! सहा महिन्यांत अक्षरशत्रूची पंडित!" झोंबा शहरातून आलेले टॅबलेट कंपनीचे काचिंग्वेसाहेब घाम पुसत ओरडले. "ना छडी, ना घोकंपट्टी! आमचं यंत्र दगडालाही वाचायला लावील! विचारा तुमच्या मॅडमना!"

मॅडम म्हणजे मी. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? एकशेबारा पोरं मी चार वर्षं झाडाखाली शिकवली होती. टॅबलेटांबरोबर कंपनीने पत्रा दिला. टॅबलेट परत गेले तर पत्राही उतरणार, असा करार होता. टॅबलेटच्या धड्याबाहेर एक शब्द शिकवायची मला बंदी होती. त्या शंभर ताऱ्यांमागची खोच मला ठाऊक होती आणि लेकेलेनीलाही. आम्ही दोघी एकमेकींची नजर चुकवत होतो.

तेवढ्यात पाठीशी बाळ बांधलेली तिची आई, नाफिरी, उठली.

"साहेब, माझ्या पोरीला टॅबलेट कशाला लागतोय? ती काहीही वाचते!" तिने कमरेच्या कापडातून बाळाची आरोग्यवही काढली. "वाच गं, बाळाचं इंजेक्शन कधी ते. घरी सांगितलंस ना, पुढच्या महिन्यात म्हणून? आता सगळ्यांना ऐकव."

लेकेलेनीने वही घेतली. नर्सच्या अक्षरांवर बोट ठेवलं. थांबली. पुन्हा ठेवलं. मग तिसऱ्यांदा.

"हिरवं होत नाहीये," ती पुटपुटली.

"काय हिरवं?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतली भीती मला बघवेना.

"सांग बाळा. मी आहे," मी म्हणाले.

"दोनदा चुकलं की बरोबर उत्तराचा चौकोन हिरवा होतो. मग त्याच्यावर बोट ठेवायचं. तारा मिळतोच. आम्ही सगळे तसंच करतो."

"अहो, ती मदत आहे!" काचिंग्वे हसले. "मुलांचा हिरमोड व्हायला नको!"

"ही मदत थांबते कधी, साहेब?" म्हाताऱ्या गावप्रमुखांनी विचारलं.

"पुढच्या आवृत्तीत बघू," साहेब म्हणाले.

मी वही घेऊन वाचली. इंजेक्शनची तारीख उलटून नऊ दिवस झाले होते.

नाफिरीने पाठीवरचं कापड घट्ट आवळलं. "मला का नाही गं सांगितलंस?"

"तू किती खूश होतीस, आई."

पोरीचा हात धरून नाफिरी तशीच दवाखान्याच्या वाटेला लागली.

मग मी बोलले. म्हटलं, पत्रा न्यायचा असेल तर न्या, मी झाडाखाली शिकवीन. पोरीचा दोष नाही. यंत्राने तारे मोजले, आपण टाळ्या मोजल्या. तिला वाचता येतं का, हे कुणी पाहिलंच नाही. मी पाहिलं आणि गप्प बसले. यंत्र ठेवा किंवा परत करा. पण टाळी वाजवण्याआधी मुलाच्या हातात त्याने कधीच न पाहिलेला कागद द्या आणि वाचायला सांगा. साहेब म्हणतात म्हणून मानू नका. माझ्यासारखी मास्तरीण मान डोलावते म्हणून तर मुळीच मानू नका.