गिअरबॉक्सचा अर्धा तास

कारा-बाल्टातून घाटाकडे निघालात की गावातला शेवटचा सामसाचा, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या समोशांचा, तंदूर उल्पानचा, आणि त्याला लागून जे पत्र्याचं कुंपण आहे ते माझं. आत मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतो, म्हणून लोक मला उस्ता म्हणतात, मिस्त्री. फक्त ऑटोमॅटिक. क्लचवाली गाडी घेऊन कुणी आला तर त्याला सांगतो, बाबा रे, तुझा डावा पाय अजून कामाला आहे, तू सुखी आहेस, पुढे जा.

माझं नाव तुर्गुन. म्हणजे ‘थांब’. माझ्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईने हे नाव ठेवलं. मी थांबलो, बाकीचे गेले. बायको एका हिवाळ्यापुरती मॉस्कोला फरशा पुसायला गेली, त्या हिवाळ्याला आता अकरा वर्षं झाली. मुलगी काझानला असते. फोनवर नातू दाखवते. मी त्याला कान हलवून दाखवतो, तो रडतो, फोन बंद.

मग माणसाने दिवस काढायचा कसा? मी गिऱ्हाइकांच्या टोप्या उडवतो. एका गणिताच्या मास्तरांना गंभीर चेहरा करून सांगितलं की दांड्याजवळ ‘डी’ लिहिलंय ना, तो दुयशोम्बूचा, म्हणजे सोमवारचा. बाकीच्या वारी डीमध्ये टाकलीत तर गिअरबॉक्स जळेल. मास्तर मंगळवारी पायी कामावर गेले. बुधवारी त्यांची बायको त्यांना घेऊन माझ्या दारात. तिने जे ऐकवलं ते सगळं मला पाठ आहे, कारण त्या आठवड्यात माझ्याशी एवढा वेळ दुसरं कुणी बोललंच नव्हतं.

बुबुजान एजे आली ती मे महिन्यात. वयाने माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, म्हणून एजे, थोरली ताई. नवरा फेब्रुवारीत गेलेला. त्याची उजव्या स्टिअरिंगची जपानी व्हॅन आता ती चालवायची. आठवड्यातून दोनदा घाट ओलांडून सुसामिरच्या कुरणात जायचं, दिराच्या घोडींचं किमिझ, म्हणजे आंबवलेलं दूध, कॅनमध्ये भरून खाली आणायचं आणि आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरात द्यायचं. तिथे फुप्फुसांचे रोगी ते औषधासारखं पितात, पण ते ताजंच हवं. घाटाच्या वरच्या वळणांवर गाडी ओरडते पण ओढत नाही, अशी तिची तक्रार.

मी गिअरबॉक्सची तेल मोजायची पट्टी ओढून पांढऱ्या कागदावर पुसली. डाळिंबाच्या रसासारखं लाल असावं ते तेल कढलेल्या चहासारखं निघालं, आणि करपलेल्या भाकरीचा वास. विचारलं, तेल कधी बदललं होतं? म्हणाली, नवरा सांगायचा की हे तेल आयुष्यभराचं असतं.

मग बॉनेटखाली आणखी वाकून बघितलं तर रेडिएटरच्या पुढे नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा. आमच्याकडे सगळेच लावतात. थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून जाळीमागे लोकर कोंबायची आणि बर्फ वितळलं की काढायची. आता ऑटोमॅटिकचं तेल गार होतं ते त्याच रेडिएटरच्या पोटातल्या नळीत. तोंडावर लोकर बांधून धावायला लावलं तर माणूसही करपेल. लावणारा गेला, काढायचं कुणाला माहीत नव्हतं. नमद्याच्या कडेला नीट टाके घातले होते, गाडीला कोण टाके घालतं? मी तो उपसून कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात तिने हात पुढे केला. घडी केली, मांडीवर ठेवली आणि तेल बदलेपर्यंत तशीच बसून राहिली.

मी तिला सगळं खरं शिकवलं. चढावर ओव्हरड्राइव्हचं बटण बंद ठेवायचं, सारखे गिअर वरखाली व्हायला लागले तर दुसऱ्यात अडकवायचं. घाटमाथ्यावर बोगद्याच्या तोंडाशी थांबायचं, पण इंजिन बंद नाही करायचं, एनमध्ये, म्हणजे न्यूट्रलला, चालू ठेवायचं, म्हणजे तेल फिरून गार होतं. उतारावर पेट्रोल वाचवायला एनमध्ये सोडायची नाही, आपले सगळे शहाणे तेच करतात आणि मग ब्रेकचा धूर बघत बसतात. ती कुराणातली आयत पाठ करावी तशी पुटपुटत राहिली.

आणि शेवटी एक खोटं सांगितलं. म्हटलं, भरलेले कॅन घेऊन येता, तेव्हा तिकडच्या चढाने गिअरबॉक्स आतून तापलेला असतो. हात लावून कळत नाही. खाली आल्यावर माझ्या अंगणात अर्धा तास उभी करायची, एनमध्ये, इंजिन चालू. मग पुढे.

तोंडातून निघून गेलं. मास्तरांचा सोमवार निघाला तसंच.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी व्हॅन आत यायची. मी चहा टाकायचो, ती दिराने दिलेली साय काढायची. इंजिन घरघरत असायचं म्हणून दोघांना जरा मोठ्याने बोलायला लागायचं. बोलायचो काय? मेंढ्या, गुडघे, तिची दूर त्यूमेनला राहणारी मुलगी कशी सारखी आई इकडे ये म्हणते. एकदा नवरा कसा घोरायचा ते तिने करून दाखवलं, आणि दाखवता दाखवता थांबली. मी पटकन म्हटलं, एजे, हा आवाज बेअरिंगचा आहे, घेऊन या, बदलून देतो. हसली. मोजून सव्वीस मिनिटांनी घड्याळ बघायची, मी म्हणायचो अजून चार.

खरं सांगायचं तर त्या व्हॅनला हवा होता वेगळा कूलर. रेडिएटरच्या पुढे बसवायचा, हाताच्या दोन पंजांएवढा, त्यातून तेल फिरवलं की घाट म्हणजे सपाट रस्ता. तिला म्हटलं होतं, मागवलाय, दुबईहून येतोय. तो माझ्या मागच्या फळीवर होता. पहिल्या दिवसापासून.

जुलैत एक कॅन अंगणातच फुटला. झाकण उडालं ते उल्पानच्या तंदुरापर्यंत. किमिझ जिवंत असतं, उन्हात उभ्या गाडीत ते चेकाळतं. मी पोट धरून हसलो, किमिझ उडून दाढी पांढरी झाली होती. एजेही हसली, पण कॅन पुसताना तिचे हात घाईत होते.

पुढच्या आठवड्यात सामसे घ्यायला गेलो तर उल्पानने दिलेच नाहीत. ती माझ्या वर्गातली, तिला माझी भीड नाही. म्हणाली, आरोग्यधामाने बुबुजानचं किमिझ तीनदा परत पाठवलं, फार आंबट म्हणून. आणखी एकदा झालं की दुसरीकडून घेणार. ती उल्पानकडे विचारत होती, व्हॅनला कुणी गिऱ्हाईक आहे का. मुलीकडे जाते म्हणाली, त्यूमेनला, कायमची.

“तू अर्धा तास तिचा गिअरबॉक्स गार करतोस,” उल्पान म्हणाली, “आणि मागे तिचं दूध उकळतंय. तुला दिसत नाही, की बघायचं नाही?”

मी रिकाम्या हाताने परतलो. घरी येऊन फळीसमोर स्टूल घेऊन बसलो. कूलर बसवला तर ती थांबणार नाही. नाही बसवला तर ती थांबेल, अजून तीन-चार वेळा, आणि मग त्यूमेन. हिशेब लहान मुलांना जमेल असा होता, तरी मला सोडवायला दोन दिवस लागले.

शुक्रवारी ती आली तशी म्हटलं, एजे, इंजिन बंद करा, आज काम आहे. कॅन उतरवून उल्पानच्या तळघरात ठेवले. कूलर खाली काढला. फडक्याने पुसला होता, पण खोक्याला जाळं तसंच राहिलं. ती बघत होती.

“आला वाटतं दुबईहून,” ती म्हणाली.

“आला.”

“वाटेत बरेच कोळी लागले असतील.”

मी गाडीखाली शिरलो. खाली असलं की माणसाला उत्तर द्यायला लागत नाही. नळ्या जोडल्या, क्लॅम्प आवळले, तेल भरलं, एक फेरी मारून परत आलो. हात लावून बघितलं, नुसतं कोमट. ती तोवर खोक्यावरचं जाळं बोटाला गुंडाळत बसली होती. रागावलेली दिसत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे.

“उस्ता, आता किती वेळ थांबायचं?”

“आता थांबायचं नाही, एजे. सरळ जायचं.”

“अजिबात नाही?”

“गरज नाही.”

तिने मान हलवली. कॅन चढवले, आणि गेली. वेळेत पोचली असणार, कारण पुढे उल्पान म्हणाली, व्हॅन विकायची गोष्ट आता निघत नाही.

मंगळवारी दुपारी व्हॅन आली तेव्हा मी फाटकात होतो. दोनदा हॉर्न वाजला, आणि ती न थांबता पुढे गेली. शुक्रवारी पण. गाडी गुळगुळीत जात होती, गिअर कधी बदलला कळलंसुद्धा नाही. माझंच काम. मी आत जाऊन किटली घासली, घाण नव्हती तरी.

ऑगस्ट असाच गेला. मग एका सकाळी ती वर निघाली असताना फाटकाशी गाडी हळू झाली. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या कडेने जातात आणि हिचं स्टिअरिंगही उजवीकडे, त्यामुळे तिची खिडकी थेट माझ्यासमोर. दरवाजा उघडला नाही तिने, काच खाली घेतली. म्हणाली, उशीर झालाय, पण दारावरून तशीच गेले तर बरं दिसत नाही.

आमच्याकडे घाईतल्या माणसाला कुणी बसवत नाही. पण नानचा तुकडा मोडून तोंडाला लावल्याशिवाय सोडतही नाही. मी धावत आत गेलो, नान आणला, खिडकीतून पुढे धरला. तिने कडेचा नखाएवढा तुकडा मोडला आणि चावायला लागली. ब्रेक लाइट जळत होते.

“डीमध्ये ब्रेक दाबून उभ्या राहू नका, एजे,” मी म्हटलं. “तेल तापतं. एनमध्ये टाका.”

“एवढ्याशा वेळात काय तापणार, उस्ता,” ती म्हणाली, तुकडा गिळला, आणि पाय ब्रेकवरून उचलला.